रागाला हुद्दा कळतो

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. पावसाळ्याचे दिवस होते. सकाळची मिस्सा आटोपून आम्ही धर्मगुरुनिवासाच्या ओट्यावर येऊन बसलो होतो. इतक्यात धर्मग्रामातील एक भगिनी छत्री मिटत पायऱ्या चढून आली. तिचा डावा हात पदराखाली झाकलेला होता. चौकशी केली तेव्हा तिने पदर बाजूला सारला. मनगटापासून कोपरापर्यंत प्लास्टर होते. कालवणात मीठ कमी पडले म्हणून नवऱ्याने ढकलले आणि ती मोरीच्या उंबऱ्यावर आदळली, एवढेच तिने सांगितले. तक्रारीचा सूर नव्हता. तिचे मागणे लहानसे होते. "फादर, तुम्ही त्यांना एकदा बोलावून सांगाल का?"

आम्ही काय केले? आम्ही तिची समजूत घातली. "मुली, तो मनाने वाईट नाही. स्वभाव तापट आहे, आणि स्वभावाला औषध नसते. तू थोडे सोसून घे, प्रार्थना कर." ती "बरं फादर" म्हणाली आणि पावसात निघून गेली.

त्याच आठवड्यात एका कामासाठी आम्हाला एका कचेरीत जावे लागले. योगायोगाने तो गृहस्थ तेथेच नोकरीला होता. एका फायलीत काही चूक झाली होती आणि त्याच्याहून वीस वर्षांनी लहान असलेला अधिकारी सगळ्यांच्या देखत त्याची खरडपट्टी काढीत होता. शब्द बोचरे होते. आमच्यासारख्या तिऱ्हाइताचेही कान तापले. तो गृहस्थ मात्र खाली मान घालून उभा होता. "चुकलं साहेब, पुन्हा होणार नाही," असे त्याने दोनदा म्हटले. त्याच्या कपाळावर साधी आठीसुद्धा उमटली नाही.

परतीच्या वाटेवर एक प्रश्न आमची पाठ सोडीना. ज्या तापट स्वभावाला औषध नाही असे आम्ही एका जखमी बाईला सांगितले होते, तो स्वभाव त्या दिवशी कोठे दडून बसला होता? स्वभाव हा रक्तात असेल तर तो साहेबापुढेही उसळायला हवा होता. पण तसे घडले नाही. त्याच्या रागाला साहेब आणि बायको यांतला फरक अचूक कळत होता. कोणापुढे गिळायचे आणि कोणावर ओकायचे याचा हिशेब तो राग चोख ठेवीत होता. ज्याला असा हिशेब ठेवता येतो त्याला आम्ही स्वभाव का म्हणावे? तो हुद्द्याने शिकविलेला आणि घरादाराने मान्य केलेला वर्तनाचा पाठ आहे.

या लेखात आम्हाला त्या एका म्हणीशी भांडायचे आहे. 'स्वभावाला औषध नाही' ही म्हण आपल्या घरांत, पंचायतीत, आणि लाज वाटते पण सांगितले पाहिजे, आमच्या प्रवचनांतही शहाणपण म्हणून वावरते. आमच्या मते ते शहाणपण नसून एक सोयीची पळवाट आहे. जे आपण माणसाला शिकविले त्याचे खापर निसर्गावर आणि पर्यायाने निर्माणकर्त्यावर फोडण्याचा हा प्रकार आहे.

माणूस कसा शिकतो ते पाहण्यासाठी फार लांब जायला नको. जेवणाची पाने मांडली जातात तेव्हा नीट पाहावे. सुरमईची मधली तुकडी कोणाच्या ताटात पडते आणि शेपटीकडची कोणाच्या? आधी कोण जेवते आणि भांड्याच्या तळाशी उरलेल्या कालवणावर कोणाची बोळवण होते? चार वर्षांचे मूल हे सारे पाहत असते. त्याला कोणी 'मुलगा श्रेष्ठ' असे तोंडाने सांगत नाही. सांगावे लागतच नाही. मुलगा पडला की "मुलगा असून रडतोस?" असे त्याला विचारले जाते. मुलीने आवाज चढविला की "उद्या दुसऱ्याच्या घरी जायचं आहे" अशी आठवण तिला दिली जाते. म्हणजे मुलाला रडण्याची बंदी आणि मुलीला रागावण्याची. मग तिशीच्या घरात त्या मुलाला दुःखही रागाच्याच रूपाने व्यक्त करता येते आणि त्या मुलीला अन्यायही मुकाट्यानेच गिळता येतो, यात नवल ते कसले? त्यावर आपण मोठ्या गंभीरपणे म्हणतो की पुरुषाची जात तापट आणि बाईची जात सोशिक.

वाडीत कामाला येणाऱ्या आदिवासी गड्याचेही तेच. तो आपल्या आजोबांच्या वयाचा असला तरी आपले शाळकरी पोर त्याला एकेरीत हाक मारते आणि आपण ते ऐकून घेतो. त्याचा चहा ओट्याखाली, वेगळ्या कपात जातो. ते पोर पुढे अधिकारी होऊन शिपायाशी उर्मटपणे बोलले तर तो त्याच्या स्वभावाचा दोष म्हणावा, की आपल्या ओट्यावर झालेल्या शिकवणीचा?

आपल्याच भाषेतली दुसरी एक म्हण या पहिल्या म्हणीला खोटे पाडते. 'चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे' असे आपण म्हणतो. सून असताना जिने मूठभर तांदळासाठी बोलणी खाल्ली, तीच सासू झाली की कोठीची किल्ली कमरेला खोचते आणि तीच बोलणी सुनेला ऐकविते. बाई तीच असते. तिचा स्वभाव एका रात्रीत पालटला काय? पालटली ती तिची घरातली जागा. त्या जागेबरोबर कसे वागायचे याचा पाठ तिने वीस वर्षे सोसून घोकलेला होता.

हे केवळ आमचे निरीक्षण नाही. १९६१ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात स्टॅन्ली मिलग्राम या मानसशास्त्रज्ञाने एक प्रयोग सुरू केला. टपाल कचेरीतले कारकून, शिक्षक, विक्रेते, मजूर अशी साधी माणसे त्यासाठी बोलावली होती. स्मरणशक्तीचा अभ्यास चालला आहे असे त्यांना सांगण्यात आले. पलीकडच्या खोलीतला माणूस उत्तर चुकला की त्याला विजेचा धक्का द्यायचा आणि प्रत्येक चुकीला धक्का वाढवीत न्यायचा, हे त्यांचे काम होते. यंत्रावर १५ पासून ४५० व्होल्टपर्यंत तीस कळा होत्या. प्रत्यक्षात वीज नव्हती आणि पलीकडचा माणूस नाटक करीत होता. पण कळ दाबणाऱ्याला ते ठाऊक नव्हते. त्याच्या पाठीमागे करडा कोट घातलेला एक संशोधक "पुढे चालू ठेवा" एवढेच सांगत असे. पहिल्या चाळीस जणांपैकी सव्वीस जणांनी अगदी शेवटची कळसुद्धा दाबली. ते क्रूर नव्हते. अनेकांना घाम फुटला, हात थरथरले, काही जण भ्रमिष्टासारखे हसले. तरी त्यांनी कळ दाबली, कारण त्या खोलीत त्यांची भूमिका आज्ञा पाळणाऱ्याची होती आणि कोट घातलेल्याची भूमिका आज्ञा देणाऱ्याची. माणसांना असे फसवून छळावे काय, यावरून या प्रयोगावर पुढे पुष्कळ टीका झाली आणि ती रास्तही होती. पण त्याने दाखविलेले चित्र विसरता येत नाही.

आता आपल्या देशातले उदाहरण पाहू. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या अर्थशास्त्रज्ञ स्त्रियांनी उत्तर प्रदेशातील खेड्यांतल्या सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची कोडी, चक्रव्यूहातून वाट काढण्याची कोडी, सोडवायला दिली. त्यांचा अभ्यास २००४ साली प्रसिद्ध झाला. तथाकथित उच्च जातींतली ३२१ मुले होती आणि तथाकथित खालच्या जातींतलीही ३२१. जात कोणी पुकारली नाही तेव्हा दोन्ही गटांच्या कामगिरीत फरक आढळला नाही. मग काही गटांत कोडी देण्यापूर्वी प्रत्येक मुलाचे नाव, वडिलांचे नाव, आजोबांचे नाव, गाव आणि जात सर्वांसमक्ष वाचून दाखविण्यात आली. एवढेच केले. तेवढ्याने खालच्या मानल्या गेलेल्या जातींतल्या मुलांची कामगिरी ठळकपणे घसरली. त्यांची बुद्धी कोणी काढून घेतली नव्हती. समाजाने नेमून दिलेली जागा त्यांना फक्त आठवून दिली गेली होती. ज्यांना अजूनही वाटते की अमक्या आळीतली मुले मुळातच मंद आणि तमक्या घराण्यातली मुळातच हुशार, त्यांनी या मुलांचा विचार करावा.

आणि त्या प्लास्टर बांधलेल्या भगिनीकडे परत येऊ. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांना आणि पुरुषांना एक प्रश्न विचारला जातो: न सांगता बाहेर जाणे, नीट स्वयंपाक न करणे, उलट बोलणे, सासू-सासऱ्यांचा अनादर करणे अशा काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्य आहे काय? २०१९-२१ च्या सर्वेक्षणात सुमारे ४५ टक्के स्त्रियांनी आणि ४४ टक्के पुरुषांनी यांपैकी निदान एका कारणासाठी ते योग्य ठरविले. वाचकांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. मार खाणाऱ्या आणि मारणाऱ्या, दोन्ही बाजूंचे मत जवळजवळ सारखे आहे. मार खायला जन्मतः कोणालाच आवडत नाही. तेव्हा इतक्या स्त्रियांना तो योग्य वाटतो याचा अर्थ एवढाच की दोघांनाही एकाच शाळेत, एकाच पुस्तकातून शिकविले गेले आहे.

येथे एक आक्षेप येणार हे आम्ही जाणतो. विचारी वाचक म्हणतील, "फादर, तुम्ही सगळे समाजावर, भूमिकेवर ढकलता. मग माणसाच्या इच्छास्वातंत्र्याचे काय? पापाची जबाबदारी कोणाची? उद्या मारणारा नवरा म्हणेल, मला असेच वाढविले, मी काय करू?"

आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच त्याचे स्पष्ट उत्तर द्यायला हवे. 'माझा स्वभावच असा' आणि 'माझी भूमिकाच अशी' ही दोन्ही वाक्ये एकाच पळवाटेची दोन तोंडे आहेत. पहिले वाक्य निसर्गाच्या आड लपते, दुसरे समाजाच्या. आम्हाला दोन्ही अमान्य आहेत. भूमिका माणसाला घडविते हे खरे. पण भूमिका आभाळातून पडत नाहीत, त्या माणसेच रचतात, शिकवितात आणि चालू ठेवतात.

मिलग्रामच्याच प्रयोगाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. एका फेरीत कळ दाबणाऱ्याच्या शेजारी आणखी दोघांना बसविले होते आणि ठरल्याप्रमाणे त्या दोघांनी मध्येच "आम्ही हे करणार नाही" म्हणून काम थांबविले. त्या फेरीत चाळीसपैकी केवळ चौघे शेवटच्या कळेपर्यंत गेले. छत्तीस जण थांबले. संशोधक तोच होता, यंत्रही तेच होते. शेजारी कोणी 'नाही' म्हणणारे भेटले, एवढाच फरक.

दुसरे उदाहरण १९७१ सालचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात फिलिप झिम्बार्डो यांनी तळघरात खोटा तुरुंग उभारला आणि चोवीस तरुण विद्यार्थी निवडून त्यांना पहारेकरी व कैदी अशा भूमिका वाटून दिल्या. दोन आठवड्यांसाठी योजलेला तो प्रयोग पहारेकऱ्यांच्या छळामुळे सहाव्या दिवशी बंद करावा लागला. 'गणवेश चढविला की माणूस आपोआप राक्षस होतो' असा निष्कर्ष पुढे वर्षानुवर्षे पाठ्यपुस्तकांतून शिकविला गेला. अलीकडच्या काळात जुन्या ध्वनिफिती आणि कागदपत्रे तपासली गेली, तेव्हा दिसून आले की अधिक कठोर व्हा असे पहारेकऱ्यांना सुचविले गेले होते. शिवाय सगळेच पहारेकरी क्रूर वागले नव्हते. त्या निष्कर्षातले 'आपोआप' तेवढे खोटे ठरले. दुष्टपणाची भूमिकासुद्धा कोणीतरी शिकवावी लागते, आणि शिकवूनही सगळे ती स्वीकारीत नाहीत.

ऑस्ट्रियातल्या फ्रांझ येगरश्टेटर या शेतकऱ्याने हे प्राणाचे मोल देऊन दाखविले. तो आपल्या खेड्यातल्या चर्चचा सेवक होता, तीन लहान मुलींचा बाप होता. हिटलरच्या सैन्यात लढण्यास त्याने नकार दिला. 'तू नवरा आहेस, बाप आहेस, नागरिक आहेस, तुझे कर्तव्य पाहा' असे त्याला सगळ्यांनी समजाविले, आणि त्यात धर्मगुरू व खुद्द बिशपही होते. म्हणजे भूमिकांचीच भाषा त्याच्यापुढे वापरली गेली. ९ ऑगस्ट १९४३ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. २००७ साली ख्रिस्तसभेने त्याला धन्यवादित घोषित केले. सल्ला देणाऱ्यांत आमच्यासारखी झगाधारी माणसे होती, हे आम्ही मुद्दाम नोंदवितो.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८७ सालच्या आपल्या परिपत्रकात 'पापाच्या संरचना' असा शब्दप्रयोग केला आणि त्या संरचनांचे मूळ माणसांच्या वैयक्तिक पापातच आहे, हेही सांगितले. आमच्या समजुतीप्रमाणे येथेच प्रश्नाची उकल आहे. व्यवस्था माणसाला वाकविते, म्हणून वाकलेल्या माणसाचा न्याय करताना आपण नम्र असावे. पण ती व्यवस्था आपणच रोज आपल्या हातांनी उभी करतो, म्हणून तिचा हिशेब आपल्याला द्यावाच लागेल.

आता आमच्याच घरात डोकावू, कारण दुसऱ्याच्या घरावर बोट ठेवणे सोपे असते. सेमिनरीत असताना आम्ही इतर मुलांसारखेच होतो. भांडी घासली, बाग शिंपली, वडीलधाऱ्यांचे बोलणे खाल्ले. गुरुदीक्षेच्या दुसऱ्या दिवसापासून आमच्या आईच्या वयाच्या स्त्रिया आमच्यासाठी खुर्ची रिकामी करू लागल्या. पंगतीत आमचे पान आधी वाढले जाऊ लागले. आमच्या सामान्य विनोदांवर लोक मोठ्याने हसू लागले. दहा वर्षे असे घडल्यावर आपण खरोखरच विनोदी आणि शहाणे आहोत असे आम्हाला वाटू लागले. त्या भगिनीला मिनिटभरात निकाल देऊन वाटेला लावणारा आमचा अधिकारही त्यातूनच आलेला होता. आम्ही तिला ऐकले नाही; आम्ही 'फादर' या भूमिकेचे वाक्य म्हटले आणि तिने 'सोशिक बायको' या भूमिकेचे उत्तर दिले.

चर्चमधल्या बाकांचेही तसेच आहे. श्रीमंताला पुढची जागा आणि गरिबाला 'तू तेथे उभा राहा' असे सांगणाऱ्या मंडळीला संत याकोबाने आपल्या पत्राच्या दुसऱ्या अध्यायात खडसाविले आहे. सणाच्या दिवशी आपल्या चर्चमध्ये पहिल्या रांगेतल्या खुर्च्या कोणासाठी राखलेल्या असतात, ते ज्याने त्याने आठवावे. गोव्यात कितीतरी पिढ्या काही चर्चांतल्या बंधुसंघांचे सभासदत्व जातीवर ठरत आले. भारतीय बिशपांच्या परिषदेने २०१६ साली दलितांच्या सबलीकरणाचे धोरण जाहीर करून ख्रिस्तसभेतला जातिभेद उघडपणे मान्य केला. जे आपले वरिष्ठ कबूल करतात ते आपण 'आमच्यात तसले काही नाही' म्हणून झटकून टाकू नये.

भूमिका बदलता येतात हेही आपण डोळ्यांनी पाहिले आहे. पवित्र गुरुवारी केवळ पुरुषांचेच पाय धुवायचे असा नियम होता. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रोममधील अल्पवयीन कैद्यांच्या तुरुंगात बारा जणांचे पाय धुतले, त्यांत दोन मुली होत्या. २०१६ साली नियमच बदलला. वाचक आणि वेदीसेवक ही पदे २०२१ साली स्त्रियांना अधिकृतपणे खुली झाली. आभाळ कोसळले नाही. काल जे 'निसर्गाने ठरविलेले' वाटत होते ते आज एका पत्राने पालटले, याचा अर्थ ते निसर्गाने ठरविलेले नव्हतेच.

म्हणून आमचे धर्मग्रामातल्या कुटुंबांना सांगणे आहे: आपल्या घरातले ताट कोणासाठी आधी वाढले जाते ते आजच बदलून पाहा. मुलाच्या हाती भांडी द्या आणि मुलीला उलट प्रश्न विचारू द्या. वाडीतल्या गड्याला आपल्याच कपातून चहा द्या आणि नातवाला त्याला 'काका' म्हणायला लावा. विवाहपूर्व तयारीच्या वर्गात आम्ही धर्मगुरूंनी सोशिकपणावर जितका वेळ बोलतो तितकाच वेळ हात न उगारण्यावर बोलावे. घरगुती हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण करणारा कायदा २००५ साली झाला आणि २००६ सालच्या ऑक्टोबरपासून अमलात आला. त्या पावसाळी सकाळी तो कायदा अस्तित्वात होता, संरक्षण अधिकारी नेमण्याची तरतूद त्यात होती. आम्ही त्याचे नावही काढले नाही.

आणि यापुढे कोणी 'तो तापट आहे हो, स्वभावाला औषध नाही' असे म्हणाले, तर त्यांना एकच विचारावे: हा तापटपणा तो आपल्या साहेबाला कधी दाखवितो काय?

गेल्या वर्षी आम्ही त्या भगिनीच्या घरी गेलो आणि तिची क्षमा मागितली. तिने आम्हाला बसायला खुर्ची दिली, पाणी दिले. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "फादर, तेव्हा तुम्ही त्यांना एकदा बोलावलं असतं, तर त्यांनी तुमचं ऐकलं असतं. ते तुम्हाला मानतात."

तिचे म्हणणे खरे होते. आमचा हुद्दा त्या माणसाच्या रागाला कळला असता. ज्या झग्याने आम्हाला बहिरे केले त्याच झग्याने त्या दिवशी एक हात अडविता आला असता, आणि आम्ही तो वापरला नाही.